दोष शोधणारा मिस्त्री : सर हेन्री रॉइस



रोल्स-रॉइस हे नाव ऐकले की डोळ्यांसमोर राजेमहाराजांची भली मोठी, चकचकीत मोटार उभी राहते. आपल्या ग्वाल्हेरला तर हे नाव मुळीच परके नाही. त्याचे कारण पुढे येईलच. पण या जोडनावातला दुसरा माणूस, हेन्री रॉइस, राजघराण्यातला नव्हता, श्रीमंत नव्हता आणि फारसा शिकलेलाही नव्हता. लहानपणी त्याने वर्तमानपत्रे विकली. शाळा त्याला जेमतेम एक वर्ष मिळाली. मोठेपणी जगभर नाव झाल्यावरही आपण साधे मिस्त्री आहोत असेच ते सांगत. यंत्रातली खराबी झाकून न ठेवता मुळापासून कशी शोधावी, हे ज्यांच्या आयुष्यातून शिकावे अशा या माणसाचे चरित्र या अंकात देत आहोत.

गिरणीवाल्याचा मुलगा

फ्रेडरिक हेन्री रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमध्ये, पीटरबरो शहराजवळच्या ऑल्वॉल्टन नावाच्या खेड्यात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील जेम्स रॉइस पिठाची गिरणी चालवीत. पण धंद्यात खोट आली, गिरणी गेली आणि पोटासाठी कुटुंबाला लंडनचा रस्ता धरावा लागला. १८७२ मध्ये वडील वारले. त्या वेळी हेन्री नऊ वर्षांचा होता.

ज्या वयात आपली मुले चौथीत असतात, त्या वयात या मुलाला कमाईला लागावे लागले. आधी त्याने वर्तमानपत्रे विकली. पुढे तारा पोहोचवण्याचे काम मिळाले. लंडनच्या मेफेअर या श्रीमंत वस्तीत तो घरोघर तारा घेऊन जात असे. योगायोग असा, की याच मेफेअर भागात १८७७ साली एका उमराव घराण्यात चार्ल्स रोल्स या मुलाचा जन्म झाला. पुढे या दोघांची नावे कायमची एकत्र जोडली जायची होती.

हेन्रीला यंत्रांची ओढ होती, पण शिकायचे कसे? त्या काळी कारखान्यात उमेदवारी करायची तर त्यासाठी वर्षाला फी भरावी लागे. हेन्रीची एक आत्या होती. तिने वर्षाला २० पौंड द्यायचे कबूल केले आणि १८७८ च्या सुमारास ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पीटरबरो येथील कारखान्यात त्याला प्रवेश मिळाला. तो ज्या घरी राहत असे, तिथल्या घरमालकांच्या शेडमध्ये एक लेथ होती. दिवसभर कारखान्यात काम आणि संध्याकाळी त्या लेथवर हात साफ करणे, असा त्याचा क्रम होता. कानस कशी चालवावी, सुतारकाम कसे करावे, धातू कसा घासावा, हे सारे त्याने तिथे आत्मसात केले.

पण तीन वर्षे झाली आणि आत्याकडचे पैसे संपले. उमेदवारी अर्धवट राहिली, प्रमाणपत्र मिळाले नाही. मुलगा हुशार, मेहनती, वरिष्ठ खूश, तरीही केवळ २० पौंडांसाठी त्याला बाहेर पडावे लागले. पालकहो, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली असली तरी आपल्याला ती अनोळखी वाटू नये. फी थांबली म्हणून मूल थांबणे हे प्रत्येक गावात आणि प्रत्येक काळात घडत आले आहे. हेन्री थांबला नाही, हे त्याचे मोठेपण. पण सगळीच मुले हेन्रीसारखी नसतात. त्या तीन वर्षांत हातात जे कसब आले, ते नसते तर हा मुलगाही लंडनच्या गर्दीत हरवून गेला असता. म्हणून या चरित्रात सर्वांत आधी आभार मानायचे ते त्या आत्याचे.

विजेच्या घंटेपासून क्रेनपर्यंत

त्यानंतर हेन्रीने लीड्स शहरात हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. पगार आठवड्याला ११ शिलिंग. तिथून तो लंडनला विजेच्या एका कंपनीत आला. वीज हा त्या वेळी अगदी नवा विषय होता. दिवसा नोकरी करून हेन्री रात्रीच्या वर्गांना जाई. जे शाळेत शिकायचे राहून गेले ते त्याने असे भरून काढले. कंपनीने त्याला लिव्हरपूलला पाठवले. तिथे रस्त्यांवर आणि नाटकगृहांत विजेचे दिवे लावण्याच्या कामात तो होता. पण ती कंपनी बुडाली आणि हेन्री पुन्हा रस्त्यावर आला.

१८८४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर स्वतःचा छोटा कारखाना काढला. शिल्लक होती २० पौंड. अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राने ५० पौंड घातले. सुरुवात घरातल्या विजेच्या घंटांपासून झाली. मग आले डायनॅमो. त्या काळच्या डायनॅमोंमध्ये फिरणाऱ्या भागाजवळ ठिणग्या उडत. गिरण्या-कारखान्यांत ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. रॉइस यांच्या डायनॅमोत ठिणग्या उडत नसत, म्हणून त्यांना मागणी वाढली. पुढे त्यांनी विजेवर चालणाऱ्या क्रेन बनवल्या आणि त्यांनाही चांगले नाव मिळाले.

धंदा वाढला, पण रॉइस यांची एक सवय त्यांना महाग पडत होती. काम सुरू झाले की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे. असे सांगतात, की कारखान्यातल्या एका पोराला दुधाचा पेला घेऊन त्यांच्या मागेमागे पाठवावे लागे. त्यातच शतक पालटताना परदेशातून स्वस्त डायनॅमो आणि क्रेन येऊ लागल्या. मालाचा दर्जा उतरवून भाव पाडायला रॉइस तयार नव्हते. धंदा अडचणीत आला आणि १९०२ साली त्यांची तब्येत ढासळली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली, तेव्हा ते पत्नीसोबत दक्षिण आफ्रिकेला गेले. बोटीवर वाचायला त्यांनी मोटारीच्या रचनेवरचे एक पुस्तक नेले होते. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस परत आला तो मोटारीचे वेड घेऊन.

जुनी मोटार अंगणात आली

परतल्यावर त्यांनी डेकोव्हिल या फ्रेंच कंपनीची दोन सिलिंडरांची एक जुनी मोटार विकत घेतली. इथे एक कथा नेहमी सांगितली जाते. ती गाडी इतकी भिकार होती, की रॉइस चिडले आणि त्यांनी स्वतःच मोटार बनवायचे ठरवले. ऐकायला ही गोष्ट छान आहे, पण आजचे अभ्यासक ती मानत नाहीत. डेकोव्हिल ही त्या काळातल्या चांगल्या गाड्यांपैकी एक होती. रॉइस यांनी ती निवडली तीच मुळी खोलून पाहण्यासाठी. नट न नट वेगळा करायचा, प्रत्येक भाग मोजायचा, तो असा का बनवला आहे हे समजून घ्यायचे आणि जिथे कमी वाटेल तिथे सुधारायचे, असा त्यांचा हिशेब होता.

मला ही खरी गोष्ट त्या कथेपेक्षा अधिक मोलाची वाटते. रागावून नवे काही करणे सोपे असते. चांगले चाललेले यंत्र समोर ठेवून त्यातही कुठे उणे आहे हे शांतपणे शोधणे अवघड असते.

त्या वेळच्या मोटारींचे दुखणे काय होते, हे मुलांनी समजून घ्यायला हवे. गाडी वेगात असली की इंजिन बरे चाले. पण गाडी उभी राहिली, इंजिन नुसते चालू राहिले, की ते थडथडू लागे. कधी उगाच जोरात फिरे, कधी गचके देऊन बंद पडे. मग खाली उतरून हँडल मारा! उभ्या गाडीत इंजिनाने कमी वेगाने, एकसारखे चालत राहणे याला आयडलिंग म्हणतात. ज्यांच्या घरी जुनी ॲम्बेसेडर किंवा फियाट होती किंवा अजून आहे, त्या पालकांना हे दुखणे नीट माहीत असेल.

उभ्या गाडीची परीक्षा

हे असे का होते? इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचे योग्य मिश्रण, योग्य क्षणी ठिणगी आणि सिलिंडरात पुरेसा दाब. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटलची झडप उघडते, भरपूर मिश्रण आत जाते आणि छोटीमोठी खोट त्यात झाकली जाते. पण पाय काढला की झडप जवळजवळ बंद होते. मिश्रण अगदी थोडे जाते, तेही एका बारीक छिद्रातून. अशा वेळी केसाएवढी गळती किंवा कणभर कचराही मोठा ठरतो. म्हणून चांगला मिस्त्री आधी गाडी पळवून पाहत नाही. तो ती जागेवर चालू ठेवतो आणि कान देऊन ऐकतो. इंजिनाची खरी परीक्षा उभ्या गाडीतच होते.

कार्बोरेटरवर एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की आयडलचा वेग वाढतो. गाडी बंद पडते म्हटल्यावर घाईचा मिस्त्री तो स्क्रू अर्धा फेरा आवळतो, गाडी चालू राहते आणि पैसे देऊन आपण घरी येतो. पण रोग तसाच राहतो. पेट्रोल जास्त जळते, गियर टाकताना झटका बसतो आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच.

रीतसर तपासणीचा क्रम उलट आहे. तिथे स्क्रूची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, कारण थंड इंजिनाच्या तक्रारी वेगळ्या असतात. मग लक्षण ओळखावे. इंजिन उगाच जोरात फिरत असेल तर ॲक्सिलरेटरची तार अडकली आहे का, चोक पूर्ण सुटला आहे का, कुठून जादा हवा शिरते आहे का, ते पाहावे. इंजिन फार मंद होऊन बंद पडत असेल तर आयडलच्या जेटमध्ये कचरा आहे का, कार्बोरेटरच्या वाटीतल्या फ्लोटची पातळी बरोबर आहे का, ते पाहावे. आणि ठरावीक अंतराने गचका बसत असेल, तर एखादे सिलिंडर काम करत नाही असे समजावे. तिथे प्लग, प्लगची वायर आणि व्हॉल्व्हचे अंतर तपासावे लागते.

प्लग काढून पाहिला तर तो बरेच सांगतो. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरट दिसला तर हवा जास्त आहे. तेलकट असेल तर इंजिनाच्या आतली झीज आहे. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासतात, त्यांचे अंतर बिघडते आणि ठिणगीची वेळ चुकते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले गॅस्केट फाटलेले असते किंवा एखादी रबरी नळी तडकलेली असते. ती नळी चिमटीत दाबल्यावर इंजिनाचा आवाज सुधारला, तर चोर सापडलाच. हे सारे ठीक झाल्यावर मगच स्क्रू हाती घ्यायचा. तोही आधी किती फेऱ्यांवर होता ते लिहून ठेवून. आपल्याकडच्या जुन्या चार सिलिंडरी गाड्यांचा आयडल साधारणपणे मिनिटाला ७०० ते ८०० फेऱ्यांवर लावला जात असे.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर नेमके कशाने सुधारली ते कळत नाही. आपण प्रयोगशाळेत हेच शिकतो.

मुलांनो, इथे एक सूचना. चालू इंजिनाच्या पंख्याजवळ आणि पट्ट्याजवळ हात नेऊ नका. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय यात पडू नका. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच चालू ठेवू नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला वास नसतो, पण तो जीव घेतो.

पहिली रॉइस मोटार

रॉइस यांनी डेकोव्हिलवर नेमकी हीच शिस्त चालवली. विजेचा माणूस असल्यामुळे ठिणगीच्या जोडण्यांवर त्यांनी खास लक्ष दिले. इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण वेगाप्रमाणे आपोआप बदलावे, असा कार्बोरेटर त्यांनी घडवला. आवाज कमी करण्यासाठी सायलेन्सर सुधारला. प्रत्येक भागाचे वजन, माप, घर्षण पुन्हा तपासले. १ एप्रिल १९०४ रोजी त्यांची स्वतःची १० अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची मोटार कुक स्ट्रीटच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि ती चालवत ते नट्सफर्ड येथील आपल्या घरी गेले. अशा तीन गाड्या बनल्या. एक रॉइस यांची, दुसरी क्लेअरमाँट यांची आणि तिसरी हेन्री एडमंड्स यांनी घेतली.

हे एडमंड्स लंडनच्या चार्ल्स रोल्स यांना ओळखत होते. रोल्स इटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेले, धाडसी, श्रीमंत, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारे. दोन सिलिंडरांच्या गाडीवर त्यांचा राग होता, कारण अशा गाड्या फार थडथडत. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात एडमंड्स यांनी दोघांची भेट घडवली. रोल्स रॉइस यांच्या गाडीत बसले आणि त्यांचे मत पालटले. दोन सिलिंडरांची असूनही ही गाडी शांत होती. रॉइस यांनी बनवायच्या आणि रोल्स यांनी विकायच्या, असा करार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. मार्च १९०६ मध्ये रोल्स-रॉइस कंपनीची नोंदणी झाली. ज्या वस्तीत एकाने तारा पोहोचवल्या, त्याच वस्तीत जन्मलेला दुसरा आता त्याचा भागीदार होता.

सिल्व्हर घोस्ट

सगळे काही पहिल्या झटक्यात जमले असे नाही. त्यांच्या सहा सिलिंडरांच्या ३० अश्वशक्तीच्या गाडीत मोठी अडचण आली. एका ठरावीक वेगाला इंजिन जोरात कंप पावे आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, तुटेसुद्धा. लांब दांडा फिरताना पिळला जातो आणि त्या पिळाला लय सापडली की कंप वाढत जातो, हे मूळ रॉइस यांनी ओळखले. पुढच्या इंजिनात त्यांनी दांडा जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला, तेल दाबाने पोहोचवले आणि सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत मांडले. हे ४०/५० अश्वशक्तीचे इंजिन १९०६ साली लंडनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आले. त्याचे आकारमान ७ लिटरांहून थोडे अधिक होते.

या गाडीच्या कार्बोरेटरला कमी वेगासाठी एक आणि जास्त वेगासाठी एक, असे दोन जेट होते. शिवाय थ्रॉटलवर गव्हर्नर बसवलेला होता. फिरणारी वजने वेग वाढला की बाहेर फाकतात आणि झडप थोडी मिटतात, वेग कमी झाला की आत येतात आणि झडप उघडतात, अशी ही युक्ती. ही युक्ती पूर्वी पिठाच्या गिरण्यांत जात्याच्या पाळ्यांसाठी आणि पुढे वाफेच्या इंजिनांत वापरली जात असे. गिरणीवाल्याच्या मुलाने ती मोटारीत आणली. चालकाने स्टिअरिंगजवळची कळ ठरावीक जागी ठेवली की इंजिन आपला वेग आपणच सांभाळी. चालू इंजिनाच्या रेडिएटरवर नाणे कडेवर उभे केले तरी ते पडत नसे, अशी या गाडीची ख्याती झाली.

१९०७ साली चंदेरी रंगाची अशी एक गाडी कंपनीने परीक्षेला उतरवली. सिल्व्हर घोस्ट हे मूळ त्या एका गाडीचे नाव. लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान तिने खेपांवर खेपा केल्या. १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३ हजार किलोमीटर अंतर तिने नको असलेला एकही थांबा न घेता कापले. त्याआधी ती एकदाच थांबली होती. खडबडीत रस्त्याच्या हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती, एवढेच. इंजिनात काही बिघाड नव्हता. शेवटी तज्ज्ञांसमोर गाडी खोलून तपासण्यात आली. ती पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी लागलेल्या भागांची किंमत निघाली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स.

आणि आता ग्वाल्हेरची गोष्ट. १९०८ साली अशीच एक गाडी, पर्ल ऑफ द ईस्ट, म्हणजे पूर्वेचे मोती, या नावाने मुंबईत आली. मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर घाटांमधून झालेल्या शर्यतीत तिने बाजी मारली आणि ती विकत घेतली आपल्या महाराजा माधवराव शिंदे यांनी. महाराजांचे यंत्रप्रेम आपल्याला माहीतच आहे. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहायला आपली मुले दरवर्षी जातात. पुढच्या वेळी ती पाहताना त्या मोटारीचीही आठवण ठेवा. सह्याद्रीचे घाट चढून आलेली रॉइस यांची मेहनत थेट ग्वाल्हेरपर्यंत पोहोचली होती.

स्वतःच्या इंजिनाकडे दुर्लक्ष

१९०८ साली कंपनीचा नवा कारखाना डर्बी येथे सुरू झाला. १२ जुलै १९१० रोजी रोल्स विमान अपघातात गेले. अवघे ३२ वर्षांचे होते. इकडे रॉइस यांचे शरीरही खचत चालले होते. वर्षानुवर्षे वेळेवर न जेवणे, रात्री-अपरात्री काम, विश्रांती नाही. १९११ मध्ये ते गंभीर आजारी पडले आणि १९१२ मध्ये त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कारखान्यात रोज जाऊन काम करणे त्यांना कधीच जमले नाही.

ज्या माणसाला इंजिनाच्या आवाजातला बारीक फरक लगेच कळे, त्याला स्वतःच्या शरीराने दिलेल्या सूचना ऐकू आल्या नाहीत. १९०२ ची पहिली सूचना त्यांनी स्क्रू आवळून निभावली, असेच म्हणावे लागेल. रॉइस यांच्याकडून पुष्कळ शिकावे, पण हे मात्र शिकू नये. परीक्षेच्या दिवसांत जेवण सोडून जागरण करणाऱ्या मुलांनी आणि त्याचे कौतुक करणाऱ्या पालकांनी हा भाग दोनदा वाचावा.

तरीही काम थांबले नाही. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या घरी आणि इतर वेळी इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या घरी राहून ते आराखडे करत. १९१७ पासून ते वेस्ट विटरिंग या खेड्यात राहिले. निवडक अभियंते त्यांच्या जवळ राहून काम करत, नकाशे डर्बीला जात, बनलेले भाग तपासणीसाठी त्यांच्याकडे येत. बरे नसताना एथेल ऑबिन या परिचारिकेने त्यांची वीस वर्षे सेवा केली. फावल्या वेळात ते बागेत रमत.

पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानासाठी ईगल हे इंजिन तयार केले. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन या वैमानिकांनी न थांबता अटलांटिक महासागर ओलांडला, तो दोन ईगल इंजिनांच्या जोरावर. पुढे १९२९ आणि १९३१ साली समुद्री विमानांच्या श्नायडर शर्यती ब्रिटनने जिंकल्या, त्या विमानांत रॉइस यांचे आर इंजिन होते. त्याची पहिली कल्पना त्यांनी वेस्ट विटरिंगच्या वाळूवर काठीने रेखाटून सहकाऱ्यांना समजावली, असे सांगतात. १९३१ मध्ये याच जातीच्या इंजिनाने विमानाला ताशी ४०० मैलांच्या पुढे नेले. १९३० साली त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. वर्तमानपत्र विकणारा मुलगा सर हेन्री झाला.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत सुरू झालेले एक नवे इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा चालले. पुढे मर्लिन या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांत बसले. ते पाहायला रॉइस नव्हते.

आपण काय घ्यावे

आजच्या नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. आयडलचा वेग एक छोटा संगणक सांभाळतो. तिथे फिरवायचा स्क्रूच उरलेला नाही. पण स्क्रू फिरवून वेळ मारून नेण्याची सवय मात्र आपल्यात शिल्लक आहे. गणितात मूल मागे पडले की लगेच आणखी एक शिकवणी लावणे, हा एक प्रकारे तोच स्क्रू. आधी पाहावे, की मुलाला फळ्यावरचे दिसते का, पाढे पक्के आहेत का, घरी झोप पुरेशी होते का, मनात काही भीती आहे का. एका वेळी एक गोष्ट तपासावी. मग काय आवळायचे आणि किती, ते आपोआप कळते.

मूल परीक्षेच्या धावपळीत नसते, शांत बसलेले असते, तेव्हा त्याच्याकडे थोडा वेळ लक्ष द्यावे. खरी खबर तिथेच मिळते. आणि एखाद्या हुशार मुलाची फी थांबण्याची वेळ आली, तर त्या वीस पौंडांची आठवण आपण सर्वांनी ठेवावी. चौथ्या वर्षी जे त्या आत्याच्या हातून होऊ शकले नाही, ते गावाने मिळून करायचे असते.